विषय: उद्यमबागेतल्या पोराचा सीव्ही, जरा बघणार का?

खानापूरकर (लंडन)

मंडळी, नमस्कार. माझा भाचा बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत (धातूचे भाग ओतण्याच्या कारखान्यात) क्वालिटीला आहे. आधी डिप्लोमा, मग व्हीटीयूचं (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं) बीई. आता पुण्याजवळ चाकणला अर्ज टाकतोय, जमलं तर जर्मनीतही. पण कुठूनच फोन येत नाही. त्याला विचारून सीव्ही सोबत जोडलाय. पत्ता आणि मोबाईल नंबर मी काढलेत. त्यालाही आपल्या या मेल-यादीवर घेतलंय. गोडगोड बोलू नका, झोडा.

टिळकवाडीकर (श्टुटगार्ट)

ताई, तुम्हीच सांगितलंत म्हणून झोडतो. भाचेबुवा, पहिलं अर्धं पान वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती आणि छंदांत गेलंय. हे पान वधूवर मेळाव्यात चाललं असतं. ‘कष्टाळू, प्रामाणिक, टीममध्ये काम करण्याची आवड’ हे तर माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक अर्जात असतं. डोळा तिथं थांबतच नाही.

खरी गोची पुढे आहे. कामाखाली तू लिहिलंयस, ‘कास्टिंगची तपासणी करणे, रिपोर्ट तयार करणे’. हे नोकरीच्या जाहिरातीत शोभतं. तू काय केलंस ते कुठाय? कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, ग्रे आयर्नचं की एसजी आयर्नचं (दोन्ही ओतीव लोखंडाचे प्रकार)? वजन किती? सीएमएमचा (मापं तपासणाऱ्या यंत्राचा) प्रोग्राम तू लिहितोस की तयार असलेला चालवतोस? टॉलरन्स (मापात चालणारा फरक) किती मायक्रोनचा? रिजेक्शन ब्लो होलमुळे (वायूने पडलेल्या पोकळीमुळे) होतं की सँड इन्क्लूजनमुळे (आत अडकलेल्या वाळूमुळे), आणि ते कमी करण्यात तुझा हात कुठं होता? आकडा असेल तर आधी किती, नंतर किती, किती महिन्यांत, असा लिही. नसेल तर बनवू नकोस, मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं. ग्राहक कंपनीचं नाव आणि ड्रॉइंग नंबर मात्र घालू नकोस; बहुतेक ठिकाणी गोपनीयतेचा करार असतो. ‘युरोपातील ट्रॅक्टर उत्पादकासाठी’ एवढं पुरे.

ते दोन कॉलम आणि कौशल्यांचे रंगीत पट्टे काढ. मोठ्या कंपन्यांत अर्ज बऱ्याचदा आधी सॉफ्टवेअरच्या तोंडी जातो, आणि कॉलमांची तिथं सरमिसळ होऊ शकते. एसएसएलसी म्हणजे काय हे इथं कुणाला कळत नाही, ‘दहावी’ असं समजेल ते लिही. सीजीपीए १० पैकी आहे हेही लिही. इथं १ म्हणजे सगळ्यात चांगली श्रेणी.

निपाणीकर (दुबई)

टिळकवाडीकर, तुमचं पटलं, पण सगळीकडे एकच सीव्ही चालत नाही. आमच्या इथं राष्ट्रीयत्व आणि व्हिसाची स्थिती वरच लागते, फोटोही बरेचजण मागतात.

आणि बाळ, भाषांच्या रकान्यात मराठी, हिंदी, इंग्रजी. कन्नड कुठाय? तू फाउंड्रीत लोकांशी काय खुणांनी बोलतोस?

खानापूरकर (लंडन)

लंडनला फोटो नको, वय नको, लग्न झालंय का तेही नको. दोन पानांच्या आत आटपा. कन्नडचं त्यालाच विचारते.

भाचा (बेळगाव)

काका, कन्नड मुद्दाम गाळलो होतो की ओ. पुण्यात काय वाटेल म्हणून. आता घालतो.

कामाचं असं लिहू का? ‘एसजी आयर्न ब्रॅकेटमध्ये ब्लो होल येत होते. कोअर (साच्यातले वाळूचे गाभे) नीट भाजले जात नसल्याचं तपासणीत आढळलं. कोअर ओव्हनचं तापमान प्रत्येक शिफ्टला नोंदवण्याची पद्धत सुरू केली.’ रिजेक्शन किती उतरलं ते सुपरवायझरांकडून घेऊन टाकतो.

अजून एक. जन्मदाखल्यावर शहराचं जुनं स्पेलिंग (Belgaum) आहे, बीईच्या सर्टिफिकेटवर नवं (Belagavi). कुठलं लिहू?

टिळकवाडीकर (श्टुटगार्ट)

याला म्हणतात सीव्ही! फक्त पद्धत कुणी सुरू केली ते स्पष्ट कर. तू केलीस तर ‘मी’, चौघांनी मिळून केली तर तसं. सगळं श्रेय ओढलंस तर जुन्या साहेबाला फोन गेल्यावर पंचाईत.

स्पेलिंगची काळजी नको, १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारनंच नाव बदललंय. सीव्हीत सगळीकडे नवं ठेव, कागदपत्रांवर जे आहे ते राहू दे. तुझं स्वतःचं नाव मात्र अक्षर न् अक्षर पासपोर्टप्रमाणे.

जर्मनीसाठी वेगळी प्रत कर. इथं त्याला लेबेन्सलाउफ म्हणतात. तक्त्यासारखी मांडणी, ताजी नोकरी वर, मध्ये रिकामे महिने असतील तर तेव्हा काय करत होतास ते. फोटो सक्तीचा नाही, तरी अजून बरेचजण लावतात. तुझ्या विद्यापीठाला इथं काय दर्जा आहे तो ‘अनाबिन’ या डेटाबेसमध्ये बघ आणि त्याची प्रिंट जोड. जर्मन भाषेची पातळी ए२ असेल तर ए२च लिही, वरची बी१ लिहिलंस की समोरचा लगेच जर्मनमध्ये सुरू होईल.

निपाणीकर (दुबई)

आणि खाली ते ‘वरील सर्व माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे’ लिहून सही केलीय ती काढ रे. इकडं कुणी मागत नाही.

टिळकवाडीकर (श्टुटगार्ट)

घोषणा काढ, पण लेबेन्सलाउफखाली गाव, तारीख आणि सही राहू दे. इथं जुनी रीत आहे, वाईट दिसत नाही. रविवारपर्यंत दोन्ही पीडीएफ पाठव. फाइलला ‘फायनल न्यू ३’ असलं नाव नको, तुझं नाव आणि पद.