घरामागचे पाइन विरळ करायचेत, तातडीने मदत हवी आहे

अधीर_पक्या
इन्शुरन्सवाल्यांचं पत्र आलंय. वणव्याचा धोका आहे, घराभोवतीची झाडं विरळ करा आणि ४५ दिवसांत फोटो पाठवा, नाहीतर पॉलिसी रिन्यू होणार नाही. साठ-सत्तर पाइन आहेत. दोघांना बोलावून कोटेशन घेतलं. एक म्हणतो अर्धी पाडू, दुसरा म्हणतो खालच्या फांद्या छाटल्या की झालं. आकड्यांत चौपट फरक! शनिवारी एकाला हो म्हणायचंय. कुणाचं ऐकू? "झाडं तोडू नका" हा सल्ला कृपया नको, मलाही वाईट वाटतंय.

चिंगी
अहो, पण राहता कुठे? मुक्तेश्वर? कॅलिफोर्निया?

अधीर_पक्या
कोलोरॅडो, एव्हरग्रीनजवळ. लिहिलंय असं वाटलं.

काजूवाला
सोपं आहे. आमच्या बागेभोवती आम्ही दरवर्षी जाळरेषा मारतो. आठ-दहा फुटांचा पट्टा, गवत कापायचं, वारा पडला की संध्याकाळी जाळून टाकायचं. वणवा तिथवर येतो आणि विझतो. झाडाला हात लावायची गरज नाही.

डोंगरमाऊली
काका, काजूच्या बागेत गवत जळतं. इथे आग शेंड्याशेंड्यांवरून धावते आणि ठिणग्या मैलभर पुढे जाऊन पडतात. दहा फुटांचा पट्टा तिला दिसणारसुद्धा नाही. वाळकं गवत, त्यावर झुडूप, त्यावर लोंबणाऱ्या फांद्या, अशी शिडी मिळाली की आग वर चढते. ती शिडी मोडायची म्हणून जमिनीपासून सहा ते दहा फुटांपर्यंतच्या फांद्या काढतात.
पक्या, पाइन कोणते? उतार आहे का?

अधीर_पक्या
पाइन म्हणजे पाइन हो. हिरवे, उंच. उतार आहे थोडा.

डोंगरमाऊली
एक फांदी तोडा आणि सुया बघा. एका जुडीत किती? लांबी बोटाएवढी की वीतभर?

घरमिस्त्री
झाडं, झाडं, झाडं! छप्पर कसलं आहे ते कुणी विचारलं का? ३० डिसेंबर २०२१ ला इथल्याच बोल्डर काउंटीत मार्शल फायर या वणव्यात हजाराहून जास्त घरं गेली. पाइनचं जंगल नव्हतंच तिथे, गवत आणि सुसाट वारा. अमेरिकेच्या वनखात्यातले (फॉरेस्ट सर्व्हिस) वणव्याचे संशोधक जॅक कोहेन यांनी वर्षानुवर्षं हेच सांगितलंय की घर वाचणार की जाणार हे घर आणि भोवतालचे शंभर फूट ठरवतात. आधी पन्हाळीतल्या सुया काढा, माळ्याच्या झरोक्यांना बारीक जाळी मारा, भिंतीलगतच्या पाच फुटांत फक्त खडी ठेवा. बाकी सगळं नंतर.

डोंगरमाऊली
मान्य, पण २०१३ चा कोलोरॅडोतलाच ब्लॅक फॉरेस्टचा वणवा विसरलात? पाँडेरोसा पाइनच्या दाटीत पाचशेच्या आसपास घरं गेली. शंभर वर्षं प्रत्येक आग विझवत बसले, म्हणून ही दाटी झाली. पूर्वी दर काही वर्षांनी जमिनीलगतची आग येऊन रोपं साफ करून जायची.

घरमिस्त्री
मग लावा मुद्दाम आग! मार्च २०१२ मध्ये इथल्याच कॉनिफर गावाजवळ ठरवून लावलेली आग वाऱ्याने पुन्हा पेटली आणि तीन माणसं गेली.

डोंगरमाऊली
जाळा असं मी कुठे म्हटलं? विरळ करा म्हणतेय. उगाच माझ्या तोंडी घालू नका.

सध्या_डेन्वर
इन्शुरन्स कंपनीच बदला. माझ्या मित्राने कार आणि घर एकत्र केलं, भरपूर वाचले.

अधीर_पक्या
दुसरी कुठली घ्यायला तयार नाही, म्हणून तर इथे आलोय.
सुया जुडीत दोन, बोटापेक्षा लहान. खोड बारीक, शेंड्यालाच काय ती पालवी. छप्पर अ‍ॅस्फाल्टचं. खिडकीखाली ज्युनिपरची झुडपं आहेत, पण ती छोटी आहेत.

डोंगरमाऊली
मग हा लॉजपोल पाइन दिसतोय, पाँडेरोसा नव्हे. थांबा!! ही झाडं दाटीत एकमेकांच्या आधाराने वाढतात आणि मुळं उथळ असतात. अर्धी पाडलीत तर उरलेली पहिल्या मोठ्या वाऱ्यात आडवी होतील, कदाचित तुमच्याच छपरावर. एकेकटं झाड ठेवू नका, झुपके ठेवा आणि दोन झुपक्यांत मोकळी जागा. नुसत्या फांद्या छाटूनही भागणार नाही. घरालगतची जातीलच. म्हणजे दोन्ही कोटेशनं चुकीची.

घरमिस्त्री
ज्युनिपर आजच उपटा. पेटला की भडकतो. छोटी म्हणे!

अधीर_पक्या
बरं. अर्धी पाडणारा म्हणतोय की फांद्या मागे रचून ठेवतो, ऑक्टोबरात उचलतो. चालेल ना?

डोंगरमाऊली
अजिबात नाही. मे महिना आहे. ताज्या लाकडाच्या वासावर इप्स नावाचे भुंगेरे येतात, ढिगात अंडी घालतात आणि पुढची पिढी उभ्या झाडांत शिरते. शिवाय परसात वाळलेलं सरपण. फांद्या लगेच चिपर यंत्रातून बारीक करून घ्या किंवा काउंटीच्या स्लॅश कलेक्शनला, म्हणजे छाटलेल्या फांद्या गोळा करणाऱ्या केंद्राला, द्या. ओंडके घरापासून तीस फूट लांब, चढाच्या बाजूला. आणि पैसे देण्याआधी स्टेट फॉरेस्ट सर्व्हिसचा, म्हणजे राज्याच्या वनखात्याचा, फॉरेस्टर बोलवा. तो झाडांवर खुणा करून देईल.

चिंगी
अवांतर: लॉजपोलच्या काही शंकूंना उघडायला आगीचीच उष्णता लागते, हे खरं का?

डोंगरमाऊली
हो, राळेने चिकटलेले असतात. वेगळा धागा काढ, लिहिते.

अधीर_पक्या
फॉरेस्टर बुधवारी येतोय. शनिवारवाल्याला थांबवलंय. एक राहिलंच: सत्तरातली चाळीसेक झाडं कुंपणापलीकडे आहेत, नॅशनल फॉरेस्टच्या हद्दीत. त्याने काही फरक पडतो का?

डोंगरमाऊली
पक्या!!!

घरमिस्त्री
त्यातलं एकही तोडलंत तर पॉलिसी राहील बाजूला, दंड भराल. रेंजर ऑफिसला लेखी कळवा, त्या पत्राची प्रत इन्शुरन्सला द्या, मुदत वाढवून मागा. तुमची तीसच उरली की. माऊली, आता तरी माझं छप्पर आणि झरोके आधी येऊ द्या.

डोंगरमाऊली
येऊ द्या. या वेळेपुरतं.

काजूवाला
आणि कुंपणाला लागून पट्टा मारा.