'डेथ' निघालं तर मराठीत काय सांगाल?

टॅरो वाचनाचा, म्हणजे चित्रांचे पत्ते काढून भविष्य सांगण्याचा, माझा छोटासा उद्योग आहे. समोर बसणाऱ्या बहुतेक बायका घरात, बाजारात सगळीकडे मराठीच बोलणाऱ्या. पत्ते पिसायचे, कट करायला द्यायचे, तीन पानं मांडायची, इथवर सगळं मराठीत छान चालतं. पान उघडलं की अडतं. 'डेथ'ला मृत्यू म्हटलं की काकू लगेच विचारतात, "आमच्या ह्यांना काही नाही ना?" 'स्थित्यंतर' म्हटलं तर मान डोलावतात, पण चेहरा कोरा. 'हँग्ड मॅन'ला काहीजण 'फाशी गेलेला' म्हणतात, ते तर नकोच. आणि पान डोकं खाली असं आलं की त्या 'रिव्हर्स्ड'ला काय म्हणावं? सुचवा.

प्रतिसाद

नावाआधी चित्राकडे बघू या. आपल्याकडे सर्रास दिसतो तो संच १९०९ साली लंडनमध्ये निघाला. कल्पना आर्थर वेट या गूढविद्येच्या लेखकाची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. त्यातल्या 'डेथ'मध्ये पांढऱ्या घोड्यावर चिलखत घातलेला सांगाडा आहे, हातात काळं निशाण, त्यावर पांढरं फूल. राजा आडवा पडलाय, तरुणीने तोंड फिरवलंय, लहान मूल मात्र सरळ वर बघतंय. मागे दोन बुरुजांच्या मधे सूर्य. एवढं सगळं असताना आपण खालच्या एका शब्दावर का अडून बसतो? "राजा पडला, पण मूल घाबरलेलं नाही," असं सांगून बघा.

प्रतिसाद

नाव लागतंच हो. घरी गेल्यावर बाई सुनेला सांगणार, "मला अमुक पान आलं." ते अमुक काय, ते द्यायलाच हवं.

माझं म्हणणं, यासाठी संस्कृत कोश उघडायची गरज नाही. अशुभ शब्द तोंडातून न काढता नेमकी गोष्ट सांगायची सोय मराठीने केव्हाच करून ठेवली आहे. बांगडी फुटत नाही, वाढवते. मंगळसूत्र तुटत नाही, वाढवतं. नारळ आपण फोडतो, पण देवापुढे वाढवतो. जुने व्यापारी रात्री दुकान बंद करत नसत, वाढवत. निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. म्हणून डेथ आलं की मी म्हणते, "हा डाव आता वाढवायचा." पन्नाशीच्या पुढच्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. तरुण मुलींना लागतं, हे खरं.

आणि ही भीती फक्त आपल्याकडची नाही. मार्सेय पद्धतीच्या जुन्या फ्रेंच संचांत बाकी मोठ्या पानांखाली (टॉवर, हँग्ड मॅन अशा) नावं छापलेली असत, तेराव्यावर, म्हणजे डेथवर, बहुतेकदा नुसता आकडा. नावाची जागा कोरी.

प्रतिसाद

मी या सगळ्यावर विश्वास ठेवत नाही, पण शब्दांचा विषय आहे म्हणून लिहितो. १९४८ मध्ये फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांना 'तुमच्या स्वभावाचं वर्णन' म्हणून एकच मजकूर वाटला. तो बराचसा भविष्याच्या पुस्तकातून उचललेला होता. वर्णन किती जुळतं, याला मुलांनी सरासरी पाचपैकी ४.२६ गुण दिले. 'स्थित्यंतर' हा त्याच जातीचा शब्द. कुणाच्या आयुष्यात ते चालू नसतं? "डाव वाढवायचा" म्हटलं तर निदान समोरची बाई विचारेल, कुठला डाव? आणि मग वाचणाऱ्याला उत्तर द्यावं लागेल. वाचणाऱ्याची पंचाईत होईल असा शब्द निवडा, असं माझं मत.

प्रतिसाद

वरच्यांना अनुमोदन, आणि मी तर रोज पानं काढणारी आहे!

हँग्ड मॅनसाठी 'त्रिशंकू' कसा वाटतो? विधानसभा त्रिशंकू होते, बदलीचं भिजत घोंगडं पडलं की माणूस त्रिशंकू होतो. सगळ्यांना कळतं.

प्रतिसाद

त्रिशंकू जवळचा आहे, पण एक खोच आहे. त्रिशंकूला इंद्राने ढकललं आणि विश्वामित्राने मधेच थोपवलं, त्यात त्याचा स्वतःचा इलाज काही नाही. पानावरचा माणूस नीट बघा. एकच पाय बांधलेला, दुसरा गुडघ्यात दुमडून आडवा घेतलेला, चेहरा शांत, डोक्यामागे प्रभावळ. ज्या लाकडाला टांगलाय त्याला हिरवी पालवी आहे. हा स्वतःहून थांबलेला दिसतो. जुन्या इटलीत मात्र हेच पान 'गद्दार' म्हणून ओळखलं जाई. तिकडे फितुरांची बदनामी करायला त्यांना पायाने उलटं टांगलेलं भिंतीवर रंगवत. म्हणजे चित्र तेच राहिलं आणि अर्थ पार फिरला. 'फाशी' तर चूकच, दोर गळ्यात नाही. मी नुसतं 'उलटा टांगलेला' म्हणतो आणि "सध्या हलू नका" एवढं सांगतो. कोर्टाच्या तारखेला अडकलेल्यांना त्रिशंकू चालेल.

रिव्हर्स्डला 'उलटं पान' म्हणू नका. लोक उलटा अर्थ घेतात. सूर्य उलटा आला म्हणजे काळोख नव्हे, ऊन ढगाआड आहे इतकंच. 'अडलेलं पान' बरं.

प्रतिसाद

छोट्या पानांना, म्हणजे तलवार वगैरे चार रंगांच्या आकड्यांच्या आणि राजा-राणीच्या पत्त्यांना, नवी नावं शोधूच नका. दुर्री, तिर्री, सत्ती, अट्ठी, दश्शी घरात आहेतच. 'टेन ऑफ स्वोर्ड्स'पेक्षा 'तलवारीची दश्शी' जास्त लागते, नाही? पालथा पडलेला माणूस, पाठीत दहा तलवारी, आणि क्षितिजावर पिवळं फटफटतंय. फक्त इथे राजा-राणीखाली दोघं आहेत, त्यामुळे गुलाम एकाला देऊन दुसऱ्याला 'स्वार' म्हणावं लागेल.

गावाकडच्यांसमोर 'तुम्हाला पान लागलं' एवढं टाळा. तिथे पान लागणं म्हणजे साप चावणं!

मूळ प्रश्नकर्ती

हे 'पान लागणं' माहीतच नव्हतं, आणि मी रोज तेच म्हणत होते :) आता 'पान आलं'.

'डाव वाढवायचा' आणि 'अडलेलं पान' लगेच घेतले. तरुण मुलींना डेथ आलं तर आधी चित्र, मग नाव. 'टॉवर'साठी बुरूज की मनोरा? वीज पडतेय, वरचा मुकुट उडालाय, दोन माणसं खाली कोसळतायत.

प्रतिसाद

बुरूज. मनोरा कोसळतो, बुरूज ढासळतो, आणि ढासळण्यात आधीपासून आत काहीतरी पोकळ होतं हेही येतं. त्या पानाला तेच हवं.