‘काइंड ऑफ ब्लू’: पहिलीच बाजू चढी का?

प्रश्न: जाझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बमच्या जुन्या एलपीवर (तबकडीवर) ‘सो व्हॉट’ या तुकड्यासोबत माझा पियानो जुळत नाही. दुसरी बाजू मात्र बरोबर लागते. दोष प्लेअरचा?

– नाही. २ मार्च १९५९ ला न्यूयॉर्कच्या ३०व्या स्ट्रीटवरील कोलंबिया स्टुडिओत मुख्य टेपयंत्र किंचित हळू चाललं. तीच टेप योग्य वेगाने वाजवली की सूर चढतो, लयही. त्या दिवशीचे तिन्ही तुकडे पहिल्या बाजूवर आहेत. दुसरी बाजू २२ एप्रिलची.

– १९९७ ची सीडी घ्या, ती योग्य वेगाने चाललेल्या दुसऱ्या यंत्रावरच्या राखीव टेपवरून सुधारलेली आहे.

– जुनी एलपीच हवी तर टर्नटेबलचा वेग उतरवा, बासचा डी (रे) हा सूर पियानोशी मिळेपर्यंत. बाजू पलटताच पुन्हा मिनिटाला ३३⅓ फेरे. संगणकावर नुसता पिच (सुराची उंची) नको, वेगच कमी करा. नाहीतर लय पळतीच राहील.