धुऱ्यावरची विज्ञानकथा

"खेड्यात विज्ञानकथा शोभत नाही, वाचक हसतील" असं काही जण म्हणतात, ते मत काही पटलं नाही. आमच्या यवतमाळकडे थ्री फेज येते तीच मुळी रात्री बारानंतर, मग मोटर लावायला वावरात जावं लागतं. पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, बॅटरीच्या उजेडात रानडुकरांचे डोळे चमकतात ना, तिथंच माझी पहिली कथा सुचली. यंत्रमानव वगैरे काही नाही. एका रात्री डोळे मोजले, तर पाच भरले, एवढंच. आणि उल्का पडून झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं लोणारचं विवर आपल्याच विदर्भात आहे की!

छापण्याचं म्हणाल, तर आपलं मोठं नाव नसल्याची रड नको. १९७४ साली खुद्द जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावानं कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. दिवाळी अंकाला मात्र पेरणीच्या सुमारासच पाठवा. मी एकदा वेचणी सुरू झाल्यावर पाठवली, तोवर अंक छापखान्यात गेलेला.

पाच डोळ्यांची कथा मायला वाचून दाखवली. ती म्हणे, "हे तं खरंच झालं असन. कोणाच्या वावरात?"