टेम्प फोल्डरमध्ये ६५ हजार फाइली, आकार मात्र नगण्य. मशीन यामुळेच अडकतंय का?

नमस्कार. तीन आठवडे झाले, मशीनमुळे कामाचा पार खोळंबा झालाय. जरा सविस्तर लिहिते.

विंडोज १०, ८ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क (एसएसडी नाही). सी ड्राइव्हवर ६० जीबी जागा मोकळी आहे. तरीही झिप फाइल उघडताना खिडकी पांढरी पडते, मेलसोबत आलेली फाइल उघडायला मिनिटभर लागतं. हिशेबाचा प्रोग्राम तर रिपोर्ट काढताना 'फाइल आधीच अस्तित्वात आहे' असा एरर देऊन बंदच पडतो. कुठली फाइल ते सांगत नाही. तो दोनदा काढून पुन्हा टाकला, अँटिव्हायरसने पूर्ण स्कॅन केलं, हाती काही लागलं नाही.

भाऊ म्हणतो, टेम्प फोल्डर, म्हणजे प्रोग्राम तात्पुरत्या फाइली ठेवतात तो, रिकामा कर. तो उघडायलाच पाच मिनिटं लागली. प्रॉपर्टीजमध्ये ६५,९१२ फाइली आणि एकूण आकार फक्त ३४० एमबी. एवढ्याशा आकाराने मशीन मंदावेल हे मला पटत नाही, आणि कामाचं काही उडालं तर, म्हणून डिलीट करायचाही धीर होत नाही. हात लावू का?

प्रतिसाद

डिलीट करण्याआधी दोन गोष्टी बघून सांगा. फाइलींची नावं कशी आहेत? आणि तारखेनुसार लावल्यावर सगळ्यात जुनी आणि सगळ्यात नवी कधीची?

धागाकर्ती

बहुतेक सगळ्या एकाच साच्यातल्या. सुरुवातीला टीएमपी, मग आकडे-अक्षरं मिळून चार, शेवटी डॉट टीएमपी. आकार ० केबी. सगळ्यात जुनी साधारण दहा महिन्यांपूर्वीची. तिथून पुढे मशीन चालू असेल तेव्हा दर दोन मिनिटांनी एक. आणि आत्ता लक्षात आलं, या साच्यातली सगळ्यात नवी फाइल बरोबर तीन आठवड्यांपूर्वीची आहे! त्यानंतर एकही नाही.

प्रतिसाद

मग दुखणं सापडलं. तुम्ही आकार बघत होतात, इथे प्रश्न संख्येचा आहे.

प्रोग्रामला तात्पुरती फाइल लागली की तो बहुधा विंडोजकडेच एक न वापरलेलं नाव मागतो. त्या नावात सुरुवातीची अक्षरं ठरलेली असतात आणि पुढे चार स्थानांचा आकडा, प्रत्येक स्थानी ० ते ९ किंवा ए ते एफ. म्हणजे १६ गुणिले १६ गुणिले १६ गुणिले १६, ६५,५३६. त्यातला शून्य वापरत नाहीत, म्हणून एका साच्यात जास्तीत जास्त ६५,५३५ नावं. नाव मोकळं आहे हे पक्कं करायला विंडोज तिथेच ० केबीची फाइल तयार करते. काम झालं की ती पुसणं ही प्रोग्रामची जबाबदारी. तुमच्याकडे कुणीतरी दहा महिने ती पुसतच नाहीये.

हिशेब करून बघा. दर दोन मिनिटांनी एक, रोज आठ तास, म्हणजे दिवसाला २४०. ६५,५३५ व्हायला २७३ दिवस, सुमारे नऊ महिने. मधल्या सुट्ट्या धरल्या तर तुमच्या तारखांशी जुळतं. तीन आठवड्यांपूर्वी नावं संपली. आता टीएमपीच्या साच्यात नाव मागणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामसाठी विंडोज एकेक नाव तपासत जाते, सगळी घेतलेली निघतात आणि शेवटी 'आधीच अस्तित्वात आहे' म्हणून हात टेकते. तुमच्या हिशेबाच्या प्रोग्रामचा यात काहीच दोष नाही. साध्या हार्ड डिस्कवर हा शोध फार जड जातो, म्हणून बाकीची कामंही रखडतात.

फाइली बिनधास्त काढा, पण आधी मशीन रीस्टार्ट करा. शटडाउन करून चालू करणं वेगळं, फास्ट स्टार्टअप (मशीन लवकर चालू व्हावं म्हणून विंडोजमध्ये असलेली सोय) असेल तर त्यात सिस्टिम पूर्ण बंद होत नाही. शिवाय एखादं इन्स्टॉलेशन रीस्टार्टसाठी अडलं असेल तर त्याच्या फाइली टेम्पमध्येच असू शकतात, ते आधी पुरं होऊ द्या. मग विंडोज की आणि आर दाबून टक्क्याचं चिन्ह, टेम्प, पुन्हा टक्क्याचं चिन्ह टाका आणि एंटर दाबा, टेम्प फोल्डर उघडेल. फाइली निवडून शिफ्ट-डिलीट करा, नाहीतर सगळा ढीग रिसायकल बिनमध्ये जाईल. 'फाइल वापरात आहे' असं आलं तर स्किप. फोल्डर स्वतः उडवू नका.

दुसरा प्रतिसाद

विंडोजच्याच डिस्क क्लीनअपने साफ करणार असाल तर यादीत डाउनलोड्सवर खूण नाही ना ते आधी बघा. काही आवृत्त्यांमध्ये तेही त्याच यादीत आहे, आणि लोकांची कामाची कागदपत्रं त्यात गेलेली मी पाहिली आहेत.

आणि नुसतं साफ करून थांबू नका, गळती कुठे आहे ते शोधा. विंडोजच्याच रिसोर्स मॉनिटरमध्ये डिस्कच्या टॅबवर कुठला प्रोग्राम कुठली फाइल लिहितोय ते दिसतं. फोल्डर रिकामा झाला की दोन मिनिटांनी फाइल येईलच, तेव्हा तिथे नजर ठेवा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. एक्सप्लोरर बराच वेळ नुसता मोजत बसला होता, पण सगळ्या फाइली गेल्या. हिशेबाच्या प्रोग्रामने पहिल्याच फटक्यात रिपोर्ट दिला. तीन आठवड्यांनी तो कागद हातात आला तेव्हा खरंच डोळ्यांत पाणी आलं. झिपही लगेच उघडते.

चोरही सापडला. स्कॅनरसोबत आलेला एक छोटा प्रोग्राम घड्याळाशेजारी बसून असतो, स्कॅनर जोडलाय का हे दर दोन मिनिटांनी तपासतो आणि प्रत्येक वेळी एक फाइल टाकून जातो. स्कॅनर घेतला तो दहा महिन्यांपूर्वीच. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमधून तो बंद केला. स्कॅनिंग त्याच्याशिवायही होतं. काल दिवसभरात त्या साच्यातल्या फक्त चार फाइली आल्या, आणि त्याही आपोआप गेल्या.

मशीन सुरू व्हायला मात्र अजून चार मिनिटं लागतात. त्याचाही टेम्पशी संबंध असेल का?

प्रतिसाद

नाही. सुरू होतानाचा वेळ हार्ड डिस्कचा आणि स्टार्टअपमधल्या गर्दीचा असतो. त्या टॅबमध्ये आणखी काय काय चालू आहे ती यादी टाका, एकेक बघू. प्रीफेच नावाच्या फोल्डरला मात्र हात लावू नका. सुरू होण्याचा वेग वाढावा म्हणूनच विंडोज तो ठेवते.