मोटारपंपाच्या दुकानात काउंटरला पोरगी चालत नाही म्हणे!

मूळ पोस्ट: मोटार, पाइप, वायरिंगच्या दुकानात पोरी ठेवू नका. गिऱ्हाईक बिचकतं, धंदा बसतो. त्यांना साडीच्या दुकानात ठेवा.

शहापूरची लेक: मी बेळगावात मोटारपंपाच्याच दुकानात काउंटरला आहे, म्हणून लिहिते. खानापूरकडनं शेतकरी येतात. बोअर किती इंची, पाणी किती फुटावर, सिंगल फेज का थ्री फेज, मी विचारते. उत्तर मात्र माझ्याकडं न बघता गोडाऊनमधनं पाइप आणणाऱ्या पोराला देतात. तो नवीन. तो मलाच विचारतो, मी सांगते, तेच तो मोठ्यानं सांगतो, आणि गिऱ्हाईक "बरं बरं" म्हणून पैसे मोजतं. मग पोरीमुळं धंदा बसला कुठं? आणि साडीच्या दुकानात ठेवा म्हणताय, तिथं गादीवर बसून साड्या उलगडणारे तर बहुतेक पुरुषच!

निपाणीकर: ताई, गिऱ्हाईकाला शहाणं करायला दुकान काढलेलं नसतंय. माझं हार्डवेअर आहे. मुलगी ठेवली होती, माणसं दर विचारायला मलाच फोन करायची. आणि उलटं पण असतंय की. माझ्या भावाचं लेडीज कपड्यांचं दुकान आहे, त्याला गल्ल्यावर बघून बायका पायरीवरनंच माघारी जातात. तो भेदभाव नव्हे?

सीमावासी: खरा त्रास भाषेचा आहे. कर्नाटकाच्या 2024 च्या कायद्यानं दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कन्नड आलं. कन्नड येत नसेल तर पुरुषाला तरी कोण विचारतंय?

शहापूरची लेक: इथं भाषा घुसडू नका. मला कन्नड येतंय. कन्नडमध्ये सगळं समजावलं तरी "मालकरु इल्लेन्री?" आणि मराठीत "मालक कुठायत?" दोन्हीकडनं तेच.

गणपत गल्ली: विचारत नाहीत ते राहू दे, बसायला तरी मिळतंय का? आमच्या कापडदुकानात सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत उभं. दुकान रिकामं असलं तरी टेकायचं नाही. संध्याकाळी चप्पल पायात जात नाही. केरळनं 2018 ला, तमिळनाडूनं 2021 ला दुकानात बसण्याचा हक्क कायद्यात घातला.

निपाणीकर: बसलेली बाई दिसली की गिऱ्हाईकच म्हणतंय, "कामं सोडून गप्पा मारत बसल्यात." मी काय करू?

गणपत गल्ली: गिऱ्हाईकाचं नाव पुढं करू नका. दोन स्टुलांना किती पैसे पडतात? स्वतः गल्ल्यावर खुर्चीत बसताय ना?

निपाणीकर: पगार वेळेवर द्यायचा आणि शिव्या पण मीच खायच्या! बरं, एक मान्य. गडी तंबाखू मळत पोत्यावर बसला तर कोण काही म्हणत नाही.

शहापूरची लेक: मी सकाळपासनं तेच सांगतेय.

निपाणीकर: स्टूल ठेवतो. दर मात्र मीच सांगणार.

शहापूरची लेक: दर तुम्हीच सांगा. पण कुठला माल घ्यावा असं विचारायला फोन आला, की तो मुलीच्या हातात द्या.