पिकअपमागे जनरेटरची ट्रॉली डुलते, मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवू का?

धायरी_मंडप:
मंडप-लायटिंगचं काम आहे माझं. बोलेरो पिकअपमागे एका अ‍ॅक्सलची ट्रॉली, त्यावर २५ केव्हीएचा जनरेटर, काट्यावर ट्रॉली १०५० किलो भरली. आधी गाडी मागून फार बसायची, हेडलाइट झाडांवर जायचा, म्हणून जनरेटर मागे सरकवून बोल्ट मारले. बसणं कमी झालं पण परवा साताऱ्याहून येताना कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना ६० च्या स्पीडला ट्रॉली अशी डुलायला लागली की शेजारी बसलेला पोरगा ओरडला, आठवलं की अजून पोटात गोळा येतो. गॅरेजवाला म्हणतो एकेक पाटा वाढवू. वाढवू का?

घाटवाट:
दादा, पाट्यांना आत्ता हात लावू नका. जनरेटर मागे घेतलात तिथेच घोळ झालाय. बॉलवर, म्हणजे गाडीमागच्या ज्या गोळ्यावर ट्रॉली अडकते त्यावर, ट्रॉलीच्या १० ते १५ टक्के वजन यायलाच पाहिजे, तुमच्या हिशोबाने निदान १०५ किलो. कमी पडलं की ट्रॉलीचं शेपूट जड होतं आणि उतारावर तेच गाडीला हलवतं. सपाट जागी चाकांना उटी लावा, कपलरखाली (ट्रॉलीचं बॉलवर बसणारं तोंड) घरचा वजनकाटा आणि त्यावर लाकडी ठोकळा, उंची बॉलएवढीच ठेवा, आणि बघा किती येतं. आणि परत डोलली तर जोरात ब्रेक नका मारू, स्टीअरिंग सरळ धरून अ‍ॅक्सिलरेटर सोडा.

धायरी_मंडप:
मोजलं. फक्त ४० किलो!

कमानपाटा:
मग झालं की. जनरेटर पुढे घ्या. गाडी थोडी बसेल, पण पाटा फक्त मागची बाजू उचलतो, पुढच्या चाकांवरचं कमी झालेलं वजन परत आणत नाही. बॉल मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे असतो ना, तो दाबला की पुढचं उचलतं आणि स्टीअरिंग हलकं लागतं. म्हणून केबलची बंडलं फाळक्याजवळ टाकू नका, केबिनला चिकटवून ठेवा. एवढं करूनही बसली तरच हेल्पर पाटा टाका, आणि त्याने पासिंगचं, म्हणजे आरटीओने मंजूर केलेलं वजन वाढत नाही हे लक्षात ठेवा. साखळ्या कपलरखालून फुलीसारख्या लावा, कपलर सुटला तर ट्रॉलीचं नाक रस्त्यावर न आदळता त्या झोळीत पडतं.

धायरी_मंडप:
९ इंच पुढे घेतला, ११५ किलो आले. काल खंबाटकीपर्यंत जाऊन आलो, उताराला तिसऱ्या गिअरमध्ये ठेवली, ट्रॉली जागची हलली नाही. खूप आभार दोघांचे. हेडलाइट अजून जरा वर जातोय, आज रात्री गोडाऊनच्या भिंतीवर पाडून खाली घेतो.